द्रोणाच्या बुडातला तांदूळ

१२ जानेवारी

आज गोकुळशेठ मंचरहून नवीन कागदाचे रोल घेऊन आला. जुना चंदेरी कागद आता चालत नाही, कारण त्याला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. शेजारच्या गावात एका दुकानातले द्रोण तपासणीवाल्यांनी उचलून नेले, तेव्हापासून कोणी घेईना. आमचं द्रोणाचं मशीन दिवाळीपासून झाकूनच होतं.

गोकुळनं कढईत तेल तापवून घेतलं, नव्या कागदाच्या द्रोणात ओतलं आणि द्रोणाखाली स्वतःचा पांढरा रुमाल पसरला. आमचा चहा होईपर्यंत तेल तसंच ठेवलं. मग द्रोण उचलून दाखवला. रुमालावर डाग नाही.

"ताई, ह्यात प्लास्टिक न्हाई. आन कागदात तेल शिरू नये म्हून जे जुनं केमिकल लावायचे, त्येबी न्हाई. त्येचा लई बोभाटा झाला ना. आता दुसरं लावत्यात."

मी विचारलं, दुसरं म्हणजे काय? तो म्हणाला, जे नाही ते सांगितलं ना ताई, मग झालं तर.

आमच्या गटात मी धरून चौघी. सुंदरा त्यातली तोंडाळ. तिच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपर्यंत मेंढरं होती. ती म्हणाली, "शेट, आमच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देत्यात. कुनी इचारलं तर सांगतो आमी. ह्याला कशाची खळ हाय, येवढं सांगा की." सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुपारी मशीन सुरू केलं. ह्यांना जाऊन फाल्गुनात दोन वर्षं होतील. खोलीत तो धपधप आवाज सुरू झाला की मला कामाला हुरूप येतो आणि ह्यांची आठवणही. मशीन ह्यांनीच आणलं होतं. अडकलेला कागद काढताना एकदा ह्यांचा स्क्रूड्रायव्हर निसटला आणि खालच्या डायला, द्रोणाच्या साच्याला, खोक पडली. तेव्हापासून प्रत्येक द्रोणाच्या बुडाला बाहेरून तांदळाएवढा उंचवटा येतो. ह्यांच्या मनाला फार लागलं होतं ते. नारायणगावला नेऊन डाय घासून आणतो म्हणायचे. मग आजारपण सुरू झालं.

आत्याबाई, ह्यांच्या आई, नव्या घाण्यातला पहिला द्रोण मागून घेतात. त्यांना आता नीट दिसत नाही. बुडाला अंगठा लावून तांदूळ आहे का बघतात आणि म्हणतात, "हाये. सोपानचा हाये."

१५ जानेवारी

आरतीला जावई अमृतरावांनी लोणीहून आणून सोडलं. सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. तोंड उतरलंय पण तब्येत बरी आहे. बापाच्या फोटोपुढे उभी राहिली ती बराच वेळ हललीच नाही.

आत्याबाईंना हुरूप आलाय. रोज सकाळी त्या ह्यांच्या फोटोपुढे घास ठेवतात. द्रोणात बाजरीची भाकरी कुस्करून त्यावर कढतं दूध आणि चमचाभर तूप. थोडा घास पत्र्यावर कावळ्याला, बाकीचा आजवर त्या स्वतः खायच्या. आजपासून तो द्रोण आरतीच्या हातात गेला. "बापाचा घास हाये, लेकीनं खायाचा." आरतीला लहानपणापासून दुधाचा वास सोसत नाही. तरी तिनं खाल्लं.

आत्याबाई द्रोण टाकत नाहीत. धुऊन चुलीच्या उबेला पालथे घालतात आणि पुन्हा वापरतात. नवा कागद भिजत नाही, त्यामुळे त्यांचं बरंच झालं. जुन्या माणसांना काही फेकवत नाही.

२३ जानेवारी

गोकुळचं ते "जे नाही ते सांगितलं" डोक्यातून जात नाही. तेल शिरत नाही म्हणजे कागदाला काहीतरी लावलंच असणार. मी सातवीतून शाळा सोडलेली. पुढचं सगळं आरतीच्या पुस्तकांवर आणि जुन्नरच्या वाचनालयावर शिकले. रसायनाचं मला काय कळणार? तरी चार दिवस मोबाइलवर मराठीत मिळेल ते वाचलं. नाही कळलं ते आरतीनं इंग्रजीतून सांगितलं.

समजलं ते असं. कागदाला तेलकट होऊ न देणारं एक जुनं रसायन होतं. ते मातीत मोडत नाही, अंगातून लवकर जात नाही. ते कळायलाच पुष्कळ वर्षं गेली. मग कंपन्यांनी ते सोडून दुसरं घेतलं. दुसरं काही ठिकाणी पहिल्याचंच चुलत भावंड निघालं. प्लास्टिकच्या बाटल्यांतही तसंच झालेलं. अमुक नाही असं वर छापायचं, आणि त्याच्या जागी जे घातलं त्याची परीक्षा कोणी पुरती घेतलेलीच नाही. नवीन आहे, म्हणून त्याच्याबद्दल वाईट काही लिहिलेलं नाही. एवढाच त्याचा चांगलेपणा.

सुंदराला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजी सवत गेली आन सवतीची भैन आली."

पुण्यातल्या डॉक्टरांची आठवण झाली. ह्यांच्या किडन्या गेल्या तेव्हा मी विचारलं होतं, कशानं झालं? फवारणी म्हणावं, विहिरीचं पाणी म्हणावं, दुखण्याच्या गोळ्या म्हणाव्यात? ते चांगले होते. चष्मा काढून म्हणाले, बाई, सांगता येत नाही. मी त्या तीन शब्दांवर रागावून आहे अजून. माणसावर रागवावं असं काही त्यांनी केलं नव्हतं.

२ फेब्रुवारी

चौघींनी ठरवलं की अंगणवाडीनं देऊ केलेली ऑर्डर घ्यायच्या आधी द्रोण तपासून घ्यायचे. एसटीनं पुण्याला प्रयोगशाळेत जाऊन आले. तिथल्या बाई वयानं आरतीएवढ्याच, पण समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, द्रोणात तेल, पाणी, आंबट पाणी घालून आम्ही ठेवतो आणि मग त्यात कागदातलं काय उतरलं ते बघतो. म्हणून आधी सांगा, ह्यात काय वाढणार, किती गरम, किती वेळ.

मी सांगितलं, जेवणावळीतली आमटी, भाजी, खीर. अर्धा तास. माणूस जेवून उठतो, द्रोण टाकतो. त्यांनी तसं लिहून घेतलं.

येताना नारायणगावच्या स्टँडवर ह्यांच्यासारखा पाठमोरा माणूस दिसला. सदऱ्याची कॉलर तशीच मागून उभी. आता मी अशा माणसांच्या पुढे जाऊन तोंड बघत नाही. पहिल्या वर्षी बघायचे.

२१ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. जे जे शोधलं ते सापडलं नाही, किंवा चालतं त्याहून कमी आहे. सुंदरानं मशीनला हळदकुंकू वाहिलं. अंगणवाडीच्या बाईंना कळवलं. आरतीला तुपातला शिरा करून घातला, आत्याबाईंच्याच द्रोणात.

ह्यांना सांगावंसं वाटलं की तुमचं मशीन पास झालं. फोटोपुढे उभी राहिले आणि पदरानं काच पुसून परत आले.

१ मार्च

लोणीला अमृतरावांच्या चुलत्यांच्या, धर्माजींच्या, दशक्रियेला गेले होते. आरतीला नेलं नाही. जेवणाला द्रोण आमचेच. उकळती आमटी वाढत होते आणि एकही द्रोण गळत नव्हता. मला अभिमान वाटला. दशक्रियेत अभिमान वाटू नये, पण वाटला.

मग हात धुवायला नळावर गेले तर तिथं बायका वापरलेले द्रोण धुऊन एकात एक घालत होत्या. लंकाबाई म्हणून एक होत्या, त्यांच्या पिशवीत चांगली चळत होती. मी विचारलं, हे कशाला हो?

"आवो, टाकायचं कशाला? लई टनक हायेत. मागल्या लग्नातलं अजून वापरतेय मी. दूध ठिवते, लोनचं ठिवते. नातवाला ऊन ऊन पेज त्यातच. पोरानं पाडलं तरी फुटायचा घोर न्हाई."

मी त्यांच्या हातातला एक घेतला. आतून खरखरीत झाला होता. राखेनं घासलेला. वरची झिलई गेलेली, बुडाला तांदूळ तेवढा शाबूत.

एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. मंचर मागे पडेपर्यंत मी नुसती बाहेर बघत होते. प्रयोगशाळेत मी सांगितलं होतं, माणूस जेवतो आणि द्रोण टाकतो. आमच्याकडं कोण टाकतं? माझ्याच घरी चुलीपाशी पालथे घातलेले आहेत. रोज कढतं दूध, रोज तूप, रोज राख. मी ते रोज बघत होते आणि मनात म्हणत होते, जुन्या माणसांना फेकवत नाही.

२ मार्च

सकाळी प्रयोगशाळेत फोन केला. त्या बाईच होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी आमचा रिपोर्ट काढून बघितला. म्हणाल्या, मावशी, आम्ही कोरा द्रोण एकदा तपासला. घासलेला, पुन्हापुन्हा तापलेला नाही. म्हटलं, मग तसा तपासा. त्या म्हणाल्या, तपासू, काहीतरी उतरतंय एवढं कदाचित कळेल. पण नव्या लेपात नेमकं काय आहे ते कंपनी देत नाही. ज्याचं नावच ठाऊक नाही ते शोधायचं कसं? आणि सापडलं तरी ते माणसाला किती बाधतं ह्याचा अभ्यास झालेला असायला हवा ना.

मी विचारलं, गरोदर बाईनं दीड महिना रोज त्यात खाल्लं असेल तर?

"मावशी, घाबरू नका. वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगलं आहे असंही म्हणू शकत नाही. सांगता येत नाही."

फोन ठेवल्यावर मी गोठ्यात जाऊन बसले. गाय आपली रवंथ करत होती.

४ मार्च

गोकुळला फोन केला. लेपाचं नाव आणून दे म्हटलं. तो कंपनीवर ढकलतो, कंपनी म्हणते आमचं गुपित आहे. वर मलाच म्हणतो, ताई, धुऊन वापरा असं आम्ही कुठं सांगितलं? त्याचंही खरं आहे.

मशीन बंद करायचं म्हटल्यावर सुंदराशी वाजलं. कधी नाही ते. ती म्हणाली, रिपोर्ट चांगला आलाय, सरकारला चालतंय, तुलाच का चालंना? द्रोणावर छापू, धुऊन वापरू नये. मी म्हटलं, लंकाबाई वाचतील ते? ती म्हणाली, माज्या घरात दोन पोरी हायेत निर्मला, मी कुटं जाऊ? ती पदर खोचून निघाली आणि दारातून परत आली. म्हणाली, "आमच्याबी घरी पंदराएक हायेत. धाकटी त्यात ताक पिती." आणि खाली बसली.

अंगणवाडीला ऑर्डर नको म्हणून कळवलं.

७ मार्च

आज आत्याबाईंचे द्रोण काढून घेतले. पाच दिवस धीर होत नव्हता. ह्या दिवसांत आरतीला मीच वाटीत खायला देत होते, पण सकाळचा घास आत्याबाईंच्या हातचा, आणि तो द्रोणातच.

मी म्हटलं, आत्याबाई, हे मला द्या. ह्यात काय आहे ते कोणाला ठाऊक नाही.

त्यांनी चळत मांडीवर ओढून घेतली. "तुला कवा ठाऊक व्हतं? माजा सोपान कशानं गेला, ते तरी ठाऊक झालं का तुला?"

मी म्हटलं, नाही झालं.

"मग ह्येच का काढून घेती?"

मी त्यांच्या हातातून एकेक द्रोण सोडवून घेतला. त्यांच्या अंगात जोर नाही. मला तो जोर लावायचा नव्हता. त्या रडल्या नाहीत. प्रत्येक द्रोण सोडताना बुडाला अंगठा फिरवत होत्या.

आरती दारात उभी होती, पोटाखाली हात धरून. म्हणाली, "आई, मी रोज त्यातच खाल्लं." तक्रार नव्हती. नुसतं विचारत होती. डॉक्टरांपुढं मी उभी होते तशी माझ्यापुढं उभी होती.

मला खोटं बोलता आलं असतं. पोर पहिलटकरीण आहे, बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "बाळा, सांगता येत नाही."

तिनं मान हलवली. मग आजीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, आजी, मला दुधाचा वास नाही गं सोसत, तू द्यायचीस म्हणून खायचे. आत्याबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला त्यांना बराच वेळ लागला.

८ मार्च

आत्याबाईंना ह्यांचं नाव कोरलेली स्टीलची वाटी दिली. आमच्या लग्नात आलेली. म्हटलं, हे बघा, ह्यांचं नाव आहे. त्यांना वाचता येत नाही. अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्ये भांडेवाल्यानं काडलंय."

आज फोटोपुढे घास ठेवला नाही त्यांनी.

१४ मार्च

सुंदरा डिंगोऱ्याहून साठवणीतली पळसाची पानं घेऊन आली. मशीनच्या तापल्या डायवर पानांचे द्रोण दाबून बघितले. दोन पानं एकावर एक, मध्ये काही नाही. बरे होतात. गरम आमटीला थोडे पाझरतात. दोन जेवणावळींत ठेवू, बघू म्हणतेय ती. चौघींचं पोट भरेल असं काही दिसत नाही.

मी एक पालथा करून बघितला. पान दबतं आणि परत उठतं. खोकेची खूण राहत नाही. तांदूळ नाही. चार-पाच करून बघितले, जास्त वेळ दाबून धरले. मग सुंदरा म्हणाली, पानं जळत्यात, सोड. तिला वाटलं मी टिकाऊपणा बघतेय.

१९ मार्च

लोणीला निरोप धाडला की ते द्रोण वापरू नका. अमृतराव स्वतः लंकाबाईंकडं जाऊन आले. त्या म्हणाल्या, एवढे चांगले करायचे कशाला मग. गावातले घरोघर फिरून गोळा केले. काहींनी दिले, काहींनी नाहीत म्हणून सांगितलं आणि मला मागे मांडणीवर दिसत होते.

मशीनच्या खोलीत पोती भरून ठेवलीत. ह्या पोत्यांचं काय करायचं ते कळत नाही. जाळावे तर ते धुरात जाणार. पुरावे तर मातीत उतरणार, आणि खाली विहीर. उकिरड्यावर टाकावे तर कोणीतरी धुऊन घेणार. माणूस एका दुपारीत जळून संपला, तिसऱ्या दिवशी मूठभर राख हातात आली. त्याच्या खुणेच्या ह्या वस्तूला मात्र कुठं न्यावं अशी जागा नाही. खोलीला कुलूप लावलं.

२ एप्रिल

आरतीला मुलगी झाली. नारायणगावला, सकाळी. दोघी बऱ्या आहेत. वजन चांगलं आहे, रडणं ठणठणीत. अमृतराव पेढे घेऊन उभे होते आणि कोणाला द्यायचे ते त्यांना कळत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित. मी विचारलं, सगळं? ते म्हणाले, हो आजी. मी आजी झाले हे मला तेव्हा कळलं.

१७ एप्रिल

बाळ घरी आहे. अंघोळ घालताना मी तिची बोटं बघते, नखं बघते, कानाच्या पाळ्या बघते. डोळे उजेडाकडं वळतात का बघते. आरती म्हणाली, आई, काय शोधतेस गं? मी म्हटलं, काही नाही, तुझ्या अण्णांवर गेलीय का बघते. कपाळ गेलंय ह्यांच्यावर. पण मी काय शोधते ते मलाही माहीत नाही. बहुतेक काहीच नसेल. ती मोठी होईल, शाळेत जाईल, एखाद्या दिवशी तिला साधा ताप येईल, आणि माझ्या मनात चुलीपाशी पालथे घातलेले द्रोण येतील. मी जिवंत आहे तोवर हे असंच.

दुपारी आत्याबाईंचं अंथरूण उन्हात टाकायला काढलं. उशीखाली एक द्रोण निघाला. नव्या कागदाचा, घासून घासून पांढरा पडलेला. मी हातात धरून उभी राहिले. त्या दारात बसल्या होत्या. दिसत नाही, पण त्यांना कळलं.

"त्यात खात न्हाई मी काय," त्या म्हणाल्या. "पोरीलाबी दिलं न्हाई. नुसता अंगठा ठिवून निजते."

द्रोण पालथा केला. खोलीचं कुलूप काढून मला तो पोत्यात टाकायचा होता. तांदूळ अजून तसाच होता, थोडा झिजलेला. मी त्यावर अंगठा ठेवला.

मग अंथरूण वाळल्यावर घडी घातली आणि द्रोण परत उशीखाली ठेवला.